झाकणे आणि पुसणे

२०१२ सालच्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग आमच्या दुकानात आले. हातात रुमालात गुंडाळलेली एक डीव्हीडी होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या मुलाच्या निकाहचे आणि वलीम्याचे चित्रण आम्हीच केले होते. चहा आला, पाऊसपाण्याचे बोलणे झाले, मग त्यांनी मुद्दा काढला.

"बेटा, यात मोठ्याची बायको आहे. आता ती घरात राहिली नाही, तुला माहीतच आहे. पाहुणे येतात, सीडी लावतात, ती दिसली की सगळ्यांची तोंडं उतरतात. तिला काढता येईल?"

काढता येणार नाही, आम्ही म्हटले. फार तर पुसट करता येईल.

"मग धुंदला कर दे. पैशाचं बघू नकोस."

आम्ही काम घेतले. ती बाई अकरा ठिकाणी दिसत होती. कुठे हळदीच्या ताटाजवळ, कुठे नवरीच्या मागे उभी, कुठे जेवणाच्या पंगतीत. प्रत्येक ठिकाणी तिच्या चेहऱ्याभोवती गोल आखायचा, त्या गोलाच्या आत ब्लर द्यायचा, आणि ती जशी हलेल तसा तो गोल फ्रेममागून फ्रेम सरकवत न्यायचा. दोन संध्याकाळी गेल्या. काम सुबक झाले. बुजुर्ग खूश झाले. जुनी डीव्हीडी त्यांनी आमच्यासमोरच मोडली. आमच्याकडची मूळ टेप तर केव्हाच दुसऱ्या लग्नासाठी पुन्हा वापरली गेली होती. त्या काळी सगळेच तसे करीत.

त्या वेळी आमच्या मनात एकही प्रश्न उठला नाही, हे आधीच कबूल करतो. गिऱ्हाइकाने सांगितले, आम्ही केले. शिंपी जसा बाही कमी करून देतो तसे. प्रश्न पुढे अकरा वर्षांनी उठला, तेव्हा तो विचारायला एक माणूस समोर येऊन उभे राहिले. ती हकीकत शेवटी सांगू. आधी या ब्लर नावाच्या गोष्टीकडे नीट पाहू. आज ती आमच्यासारख्या धंदेवाल्यांपुरती राहिलेली नाही. ज्याच्या हातात मोबाइल आहे त्या प्रत्येकाच्या बोटाखाली ती आली आहे.

ब्लर म्हणजे नेमके काय होते? पडद्यावरचे चित्र हजारो-लाखो ठिपक्यांचे असते. ब्लर देताना प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा रंग जातो आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या रंगांची सरासरी त्याला मिळते. जवळच्या शेजाऱ्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. हे वजन ज्या घंटेच्या आकाराच्या वक्राने ठरते, त्याच्याशी कार्ल फ्रिडरिख गाउस (१७७७–१८५५) या जर्मन गणितज्ञाचे नाव जोडलेले आहे. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरच्या यादीत 'गॉसियन ब्लर' असतो. म्हणजे ब्लर काही पुसून टाकत नाही, तो मिसळून टाकतो. डोळ्याचा काळा रंग गालात उतरतो, गालाचा ओढणीत, ओढणीचा भिंतीत. माणूस असतो, पण 'हाच तो' असे म्हणण्याजोगे काही उरत नाही.

या साधनाने सुंदर कामेही होतात, ती आधी सांगितली पाहिजेत. नवरीच्या मेंदीवर नजर ठरावी म्हणून मागची गर्दी पुसट करतात. आठवण सांगायची असेल तर चित्राच्या कडा विरघळवतात. धावत्या गाडीचा वेग दाखवायला एकाच दिशेने ओढलेला ब्लर देतात. मोबाइलवर उभे घेतलेले चित्रण आडव्या पडद्यावर दाखवताना दोन्ही बाजूंना काळी जागा उरते. तिथे त्याच चित्राची मोठी, धूसर केलेली प्रत पसरतात. बातम्यांत हे रोज दिसते. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांनी 'चुंगकिंग एक्सप्रेस' (१९९४) या चित्रपटात कमी फ्रेममध्ये चित्रण करून त्याच फ्रेम पुन्हापुन्हा छापल्या. त्यामुळे गर्दीतून पळणारी माणसे रंगांचे ओघळ होऊन जातात आणि शहरातला एकटेपणा संवादाशिवाय कळतो. अशा ब्लरबद्दल कुणाची तक्रार असायचे कारण नाही. आपला डोळाही तेच करतो. जवळचे पाहताना लांबचे पुसट होते, आणि डोळ्यांत पाणी आले की सगळेच.

प्रश्न तिथून सुरू होतो जिथे पुसट होणारी वस्तू भिंत किंवा झाड नसते, माणूस असतो. तिथे ब्लर ही केवळ नक्षी राहत नाही. कोण कुणाला पाहील याचा तो निवाडा होतो, आणि तो निवाडा संगणकापुढे एकटा बसलेला एडिटर करतो.

हा निवाडा किती गंभीरपणे करता येतो, याचे एक उदाहरण हंगेरीचे दिग्दर्शक लास्लो नेमेश यांनी घालून दिले आहे. त्यांचा 'सन ऑफ सॉल' हा चित्रपट २०१५ साली आला. कथा १९४४ सालच्या आउश्वित्झ छळछावणीतली. तिथल्या एका ज्यू कैद्याला आपल्याच माणसांची प्रेते हलवण्याच्या कामाला जुंपले आहे. कॅमेरा सबंध वेळ त्याच्या चेहऱ्याला किंवा पाठीला चिकटलेला राहतो. त्याच्या मागे जे घडते ते, म्हणजे प्रेते, ज्वाळा, ढकलली जाणारी माणसे, जवळजवळ सगळेच धूसर आहे. आवाज मात्र सगळे ऐकू येतात. हा ब्लर संगणकाने मागाहून दिलेला नाही, भिंगानेच साधलेला आहे, पण मुद्दा तोच. ज्यांना मरताना कपडेही ठेवू दिले नाहीत त्यांच्या देहांकडे आपण खुर्चीत रेलून पाहावे, हे दिग्दर्शकाला मान्य नव्हते, असेच तो चित्रपट पाहताना वाटते. घडलेले त्याने लपवले नाही. त्याने आपली नजर खाली करायला लावली.

नजर खाली ठेवण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. पर्द्याची चर्चा निघाली की आपण बायकांच्या ओढणीपाशी पोहोचतो आणि तिथेच अडकतो. पण कुरआनात ही ताकीद आधी पुरुषांच्या नजरेला आहे, हे सोयीने विसरतो. पाहणाऱ्यानेही स्वतःला आवरायचे असते. चांगला ब्लर हे आवरण्याचे काम पाहणाऱ्याच्या वतीने करतो.

आपल्या देशातला कायदाही या बाबतीत बोलका आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे भारतीय दंड संहितेत १९८३ साली कलम २२८-अ घालून गुन्हा ठरवण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ म्हणून आले आहे. मुलांच्या लैंगिक अत्याचाराबाबतचा २०१२ चा पॉक्सो कायदा तर याद्याच देतो: नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, काहीही उघड करता कामा नये. कायदा लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते की माणूस फक्त चेहऱ्याने ओळखला जात नाही. आम्हा एडिटरांना ते उशिरा कळते.

आम्हाला कसे कळले ते सांगतो. काही वर्षे आम्ही गावातल्या केबलवर जाणाऱ्या बातम्यांचे संकलन करीत असू. एका मुलीवर झालेल्या अत्याचाराची बातमी होती. तिच्या आईची मुलाखत आली. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून आईचा चेहरा झाकायचा होता. आम्ही गोल आखला, ट्रॅकिंग लावले, एकदा पाहिले आणि पाठवून दिले. मध्येच आईने डोळे पुसायला पदर वर केला तेव्हा ट्रॅकिंग चुकले आणि गोल बाजूला सरकला. पाच फ्रेम. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम धावतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आम्हाला तो दिसला नाही, पण ज्याला पाहायचेच होते त्याने चित्र थांबवून पाहिले. आणि चेहरा नसता दिसला तरी फार फरक पडला नसता. मागे घराचे निळे दार होते, दारावरचा आकडा होता, आणि आवाज तर आम्ही बदललाच नव्हता. चार दिवसांनी ते घर बंद झाले. ते लोक दुसरीकडे राहायला गेले. कुणी आम्हाला जाब विचारला नाही. आजही एखादा मास्क लावताना आम्ही एकेक फ्रेम पुढे नेऊन पाहतो, तेव्हा ते निळे दार आठवते.

यातून एक साधी गोष्ट शिकलो. झाकायचे तर पूर्ण झाकावे. अर्धवट झाकणे हे न झाकण्याहून वाईट, कारण समोरचा माणूस आपल्या भरवशावर बोलतो. त्याने आपल्याला अमानत दिलेली असते.

आणि ब्लर ही काही अभेद्य भिंतही नाही. २००७ साली इंटरपोलने एका गुन्हेगाराचा शोध जाहीरपणे घेतला. त्याने मुलांवरील अत्याचाराची चित्रे प्रसिद्ध करताना स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळवटून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवला आणि चेहरा समोर आला. काही दिवसांतच तो थायलंडमध्ये पकडला गेला. तिथे झाकणे उलटले हे बरेच झाले. पण जे गुन्हेगाराच्या बाबतीत होते ते पीडिताच्या बाबतीतही होऊ शकते. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की चौकटी-चौकटींनी किंवा ब्लरने झाकलेले चेहरे, ओळखीच्या चेहऱ्यांच्या संचातून, शिकवलेला संगणक बऱ्याच वेळा बरोबर ओळखतो. म्हणून जिथे जीव किंवा अब्रू पणाला लागली आहे तिथे सुंदर, मऊ ब्लर देऊ नये. सरळ काळा किंवा राखाडी ठोकळा ठेवावा, आवाज बदलावा, मागचे दार कापावे, आणि मूळ फाइल कुणाच्या हाती लागेल याचाही विचार करावा. तिथे आमची कलाकुसर बाजूला ठेवणे हेच काम.

आतापर्यंत झाकणाऱ्याच्या चांगल्या नीयतीबद्दल बोललो. पण झाकणे नेहमी दयेपोटीच होते असे नाही. कधीकधी झाकणेच बोट दाखवते.

बातम्यांनी आपल्या डोळ्यांना एक सवय लावली आहे. ज्याचा चेहरा पुसट तो एकतर गुन्हेगार किंवा बदनाम. ज्याचा स्वच्छ तो सज्जन. मराठी वर्तमानपत्रे 'आरोपींना बुरखा घालून न्यायालयात आणले' असे सहज लिहितात, आणि कुणाचे ढोंग उघडे पाडायचे असेल तर 'बुरखा फाडला' म्हणतात. आमच्या घरातल्या बायकांच्या एका कपड्याचा भाषेत असा प्रवास झाला आहे, याकडे आपल्यापैकीही फार थोड्यांचे लक्ष जाते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत पकडलेल्या संशयितांना पोलिसांनी कॅमेऱ्यांपुढे उभे केले, तेव्हा त्यांचे चेहरे अरबी धाटणीच्या चौकड्यांच्या रुमालांनी झाकलेले होते. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. चेहरा झाकायला साधे कापड पुरले असते. तो रुमाल चेहरा झाकत होता आणि त्याच वेळी एका सबंध समाजाचा चेहरा काढत होता. खटला पुढे व्हायचा होता, पण पाहणाऱ्याच्या मनात निकाल तिथेच लागत होता.

याची दुसरी बाजू म्हणजे ज्याला झाकायला हवे त्याला न झाकणे. २०२० च्या टाळेबंदीत गावोगावी धान्याचे किट वाटले गेले. चांगले काम झाले. अनेक घरांत त्यामुळेच चूल पेटली. त्याची चित्रणे संकलनासाठी आमच्याकडेही आली. एका गटाने सांगितले, "मागे दुसऱ्यांचा बॅनर दिसतोय तेवढा ब्लर करा." आम्ही केला. किट घेताना मान खाली घालून उभी असलेली एक विधवा मात्र लख्ख दिसत होती. तिच्याबद्दल कुणी काही म्हटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही पहिल्यांदा पाहताना म्हटले नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे शिकवणाऱ्या घरांत आपण वाढलो. इथे दिलेले तर साऱ्या गावाला कळले, आणि घेणारीचे नावही कळले. आमच्या हातात ब्लर होता. तो आम्ही एका कापडाच्या इज्जतीसाठी खर्च केला.

पुढच्या खेपेस आम्ही न विचारता घेणाऱ्यांचे चेहरे पुसट केले. त्यावर वाटप करणाऱ्यांपैकी एक तरुण म्हणाला, "भाई, असं वाटतंय की आम्ही चोरांना वाटतोय." त्याचे म्हणणे आम्हाला विचार करायला लावून गेले. तो चुकीचा नव्हता. पुसट चेहऱ्याचा अर्थ आपल्या डोळ्यांनी आधीच ठरवून टाकला आहे. शेवटी आम्ही चेहरे चौकटीबाहेरच ठेवले. फक्त हात दाखवले, देणारे आणि घेणारे दोन्ही. देणाऱ्यांपैकी काहींना ते आवडले नाही.

म्हणजे ब्लर न वापरताही झाकता येते. याचे आणखी एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. चेचन्यातल्या समलिंगी माणसांच्या छळावर डेव्हिड फ्रान्स या अमेरिकी दिग्दर्शकाने 'वेलकम टू चेचन्या' हा माहितीपट २०२० साली केला. पळून आलेल्या माणसांची ओळख पटली तर त्यांच्या जिवाला धोका होता. पण सबंध चित्रपटभर पुसट डागांनी बोलावे हेही दिग्दर्शकाला पटेना, कारण डागाला डोळे नसतात, त्याचे ओठ थरथरत नाहीत, त्याची भीती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा दुसऱ्या स्वयंसेवकांनी आपले चेहरे दिले. संगणकाने ते चेहरे पीडितांच्या चेहऱ्यांवर असे बसवले की हसणे, रडणे, दचकणे मूळ माणसाचे राहिले आणि ओळख मात्र झाकली गेली. कडा जाणूनबुजून किंचित धूसर ठेवल्या, म्हणजे पाहणाऱ्याला कळावे की इथे काही झाकले आहे. शेवटाकडे एक तरुण जाहीरपणे फिर्याद द्यायला पुढे येतो तेव्हा त्याच्यावरचा उसना चेहरा विरघळतो आणि खरा चेहरा दिसतो. आपला चेहरा दुसऱ्याला ढालीसाठी उसना देता येतो, ही कल्पनाच आम्हाला थक्क करून गेली. हेच तंत्र खोटी चित्रे बनवायलाही वापरले जाते. म्हणून तंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, आणि तंत्राचे कौतुक करण्यातही नाही. यंत्राला यातले काही कळत नाही. गूगलच्या रस्तेदर्शनात २००८ पासून चेहरे आपोआप पुसट होऊ लागले, आणि २०१६ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजला चरत असलेल्या एका गाईचाही चेहरा त्या यंत्राने मोठ्या अदबीने झाकला. जग हसले. यंत्राने आपले काम केले होते. चेहरा दिसला, झाकला. कुणासाठी झाकायचे हे ठरवणे त्याचे काम नव्हते.

ते आपले काम आहे, आणि तिथे आपल्यापुढे दोन शिकवणी उभ्या राहतात. दोन्ही आपल्या, आणि दोन्ही एकमेकींना ओढणाऱ्या. एक आहे पर्दापोशीची. दुसऱ्याचा ऐब झाका, तुमचा ऐब झाकला जाईल. लहानपणी नानीच्या तोंडून आपण सगळ्यांनी हे ऐकले आहे. दुसरी आहे गवाहीची. जे पाहिले ते लपवू नका, मग ती गवाही आपल्या माणसांच्या विरुद्ध जात असली तरी. कॅमेरा हा आजचा गवाह आहे. त्याच्यापुढे जे घडले ते त्याने पाहिले आहे. मग ब्लर देणारा एडिटर पर्दापोशी करतो की गवाही लपवतो?

आम्ही या प्रश्नाशी बरीच वर्षे झुंजलो. आमच्यापुरते उत्तर असे सापडले. झाकणे आणि पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाकणे हे माणसासाठी असते आणि घडलेली गोष्ट तशीच ठेवते. एका स्त्रीवर अत्याचार झाला, ही गवाही कायम राहते. ती स्त्री कोण, एवढेच झाकले जाते. पुसणे हे गोष्टीविरुद्ध असते. माणूस तिथे नव्हताच असे ते भासवते. दोन्हींसाठी सॉफ्टवेअरमधले बटण एकच असू शकते, म्हणून बटणाकडे पाहून फरक कळत नाही. तो कळायला एकच प्रश्न विचारावा लागतो. ज्याला आपण पुसट करतो आहोत त्याला हे चित्रण दाखवले, तर तो काय म्हणेल? 'तुम्ही मला वाचवलंत' म्हणेल, की 'तुम्ही मला मिटवलंत' म्हणेल?

बुजुर्गांच्या त्या डीव्हीडीबाबत हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. त्यांची नीयत वाईट होती असे आम्ही आजही म्हणणार नाही. घरात रोज सलणारी गोष्ट त्यांना नजरेआड करायची होती. पण त्या बाईचा कुठलाही ऐब त्या चित्रणात नव्हता. ती ताटे उचलत होती, नवरीची ओढणी सारखी करत होती, हसत होती. झाकण्यासारखे तिथे काहीच नव्हते. जे झाकले गेले ते घरातल्यांचे अवघडलेपण होते, आणि त्याची किंमत मात्र तिच्या चेहऱ्याने दिली.

आता ती राहिलेली हकीकत. २०२३ साली एक सोळा वर्षांची मुलगी दुकानात आली. बरोबर मैत्रीण होती. आपल्या दादांचे नाव सांगून म्हणाली, "अंकल, चाचूच्या शादीचा व्हिडिओ तुम्हीच केला होता ना? त्यात एक बाई आहे, पुसट. तिच्या खांद्यावर एक बाळ आहे. ते बाळ मी आहे, असं फूफी म्हणाली. मग ती बाई माझी अम्मी ना?"

आम्ही हो म्हटले.

तिच्या अम्मीने पुढे दुसरे लग्न केले होते, ती लांब राहत होती. मुलगी दादा-दादीकडे वाढली. अधूनमधून भेट होई. पण त्या वयातले, दोघींचे एकत्र असे एकही चित्र या घरात उरले नव्हते. फोटो कुणी काढून टाकले ते तिला ठाऊक नव्हते. चित्रण कुणी पुसट केले ते तिला आत्ता कळले. ती रागावली नाही. एवढेच विचारले, "मूळ आहे का?"

मूळ नव्हते. टेप पुन्हा वापरली गेली होती, डीव्हीडी मोडली होती, आणि आमच्या संगणकातली फाइल जागेसाठी केव्हाच काढून टाकलेली. ब्लर उलटा फिरवता येईल का, असेही तिने विचारले. आजकाल सॉफ्टवेअर पुसट चेहऱ्याच्या जागी स्वच्छ चेहरा बनवून देते, हे तिच्या मैत्रिणीला माहीत होते. तो चेहरा बनवलेला असेल, तुझ्या अम्मीचा नसेल, असे आम्ही सांगितले. त्यावर ती गप्प झाली.

त्यानंतर पुष्कळ दिवस आम्हाला जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांचे एक चित्र आठवत राहिले. 'टांटे मारियान', म्हणजे मारियान मावशी, साल १९६५. घरातल्या एका जुन्या फोटोवरून त्यांनी ते रंगवले. चौदा वर्षांची मावशी आणि तिच्यापुढे तान्हे बाळ, म्हणजे स्वतः रिश्टर. ही मावशी पुढे मनोरुग्ण ठरवली गेली आणि नाझींच्या राजवटीत १९४५ साली एका इस्पितळात मारली गेली. रिश्टर यांनी ओल्या रंगावरून ब्रश फिरवून सबंध चित्र धूसर केले आहे. मावशीही पुसट, बाळही पुसट. पण चित्राच्या नावात मावशीचे नाव आहे. तिथला धूसरपणा सांगतो की ही होती, आणि आता आमच्या हाती एवढीच उरली आहे. आम्हीही बाळ खांद्यावर घेतलेल्या एका बाईला धूसर केले होते. आमच्या धूसरपणाने सांगितले की ही नव्हती. हात तेच करत होते, नीयत वेगळी होती.

एका गोष्टीचा मात्र विचार आम्ही आजही करतो. २०१२ साली आम्हाला तिला 'काढता' येत नव्हते म्हणून आम्ही पुसट केले. २०१९ नंतर बाजारातल्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाला फ्रेममधून उचलून त्याच्या जागी मागची भिंत आपोआप भरण्याची सोय आली, आणि आता ती मोबाइलवरही आहे. ते बुजुर्ग आज आले असते तर काम दहा मिनिटांचे होते. ती बाई पूर्ण गेली असती, बाळही कदाचित तिच्याबरोबर गेले असते, आणि त्या मुलीला कधी प्रश्नच पडला नसता. आमचा ब्लर ही चूक होती, पण तिच्यात एक डाग शिल्लक राहिला होता. त्या डागाने त्या मुलीला दुकानापर्यंत आणले. म्हणून आमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना आम्ही आता एवढेच सांगतो: झाकावे लागले तर असे झाका की झाकले आहे हे दिसेल. ज्याला विचारायचे आहे त्याच्यासाठी तेवढी खूण राहू द्या. आणि मूळ जपून ठेवा.

त्या दिवशी ती मुलगी निघाली तेव्हा आम्ही तिला थांबवले. मूळ चित्रण आम्ही हरवले होते, पण दोन संध्याकाळी त्या चेहऱ्याकडे फ्रेममागून फ्रेम आम्हीच पाहिले होते. झाकण्यासाठी का होईना, त्या घरातल्या कुणाहीपेक्षा अधिक बारकाईने पाहिले होते. जे आठवत होते ते सांगितले. तुझ्या अम्मीने हिरवी ओढणी घेतली होती. जेवणाच्या पंगतीत तू तिच्या खांद्यावर झोपली होतीस आणि ती एका हाताने जेवत होती. कुणीतरी तुला घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिने मान हलवून नको म्हटले.

मुलीने मैत्रिणीच्या वहीचे एक पान मागून घेतले. ते सगळे लिहून काढले. खाली तारीख घातली आणि आमच्यापुढे पान सरकवून म्हणाली, "अंकल, इथं सही करा."

आम्ही सही केली.